पांढरी गोळी आणि वाघोबाचा कोंबडा

बोईसरच्या कारखान्यांच्या वसाहतीत त्या काळी दोन प्रकारचे सायकलवाले होते. एक प्रकार सायकलवरून कामावर जायचा. दुसऱ्या प्रकाराचं सायकल हेच काम होतं. हा दुसरा प्रकार हजेरीपटावर 'हेल्पर' म्हणून असे, पण त्यानं कोणाला कसली मदत केल्याचं कोणी पाहिलेलं नव्हतं. सकाळी गेटवर हजेरी लावायची, कंपनीनं दिलेली पातळ चाकांची सायकल काढायची आणि तारापूरच्या रस्त्याला लागायचं. दुपारी परत येऊन कँटीनमध्ये दोघांचं जेवायचं. वर्षातून एकदा, दोन ऑक्टोबरला, कारखान्या-कारखान्यांत बोईसर ते केळवे आणि परत अशी शर्यत व्हायची. त्या दिवशी त्यानं पहिलं यावं, एवढीच अपेक्षा. शर्यतीला गांधीजयंतीच का निवडली, याचं उत्तर समितीकडे तयार होतं. त्या दिवशी सुट्टी असते.

देवू हा दुसऱ्या प्रकारातला. त्याचा पाडा मनोरच्या पलीकडे डोंगरात. तिथून तो गवताचे भारे सायकलला बांधून पालघरला विकायला आणत असे. एकदा मनोरच्या चढावर त्यानं एका जीपला मागं टाकलं. जीप नादुरुस्त होती हे खरं, पण आत बसलेल्या शांताराम चुरींना ते माहीत नव्हतं. चुरीसाहेब गोळ्या-औषधांच्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होते. त्यांना एवढंच दिसलं की गवताचा एक भारा आपल्याला ओलांडून पुढे चालला आहे आणि त्याच्याखाली दोन पाय फिरताहेत. दुसऱ्याच दिवशी देवू त्यांच्या कारखान्यात हेल्पर झाला.

हेल्पर, पण कॅज्युअल. कॅज्युअल माणसाला दिवाळीच्या तोंडावर 'ब्रेक' मिळायचा. म्हणजे त्याला घरी पाठवायचे. तो कायम होऊ नये म्हणून ही काळजी घेतलेली असे. ब्रेक मिळाला की देवूला एकच वाट उरायची, ती वसईकडच्या वीटभट्टीवर जायची. आणि भट्टीचा मुकादम एकटा बाप्या घेत नसे. जोडी घ्यायचा. म्हणजे देवूबरोबर त्याची बायको लाडकी हिनंही थेट पावसाळ्यापर्यंत चिखल तुडवायचा. चुरीसाहेबांनी शब्द दिला होता की शर्यत जिंकलास तर ब्रेक नाही, सरळ कायम.

त्यामुळे देवूनं शर्यतीआधी कुठली कसर ठेवली नाही. पाड्यावर जाऊन वाघोबाच्या शिळेला हात जोडले आणि पहिला आलो तर कोंबडा देईन, असा नवस बोलला. मग बोईसरला खोलीवर आला, तिथं त्याचा खोलीसोबती बन्सी होता. बन्सी बीडकडचा, गोळ्यांच्या खात्यात मशिनवर काम करायचा. शर्यतीच्या सकाळी त्यानं खिशातून एक पांढरी गोळी काढून देवूच्या तळहातावर ठेवली. तिसऱ्या पाळीला झोप येऊ नये म्हणून सगळे हीच खातात, असं तो म्हणाला. देवूनं विचार केला की देवाला सांगितलंच आहे, त्यात आणखी एक. आणि गिळली.

शर्यतीत काय झालं ते देवूला पुढं नीट सांगता आलं नाही. केळव्यापर्यंत तो चौथा-पाचवा होता. तिथं सुरूच्या झाडाला बांधलेल्या लाल फितींतली एक गळ्यात घालून तो मागे वळला आणि केळव्याशेजारच्या माहीमच्या सुपारीच्या वाड्या जाईपर्यंत छातीत कोणी ढोल बडवायला लागलं. पालघर कधी गेलं ते समजलं नाही. आपण सायकल चालवतो आहोत की सायकल आपल्याला, हा उलगडा उमरोळी येऊन गेली तरी झाला नव्हता. बोईसरच्या मैदानात मांडव दिसला तेव्हा पुढं फक्त मुरब्याचा विश्राम होता. तो रंगाच्या कारखान्याचा हेल्पर. देवू त्याच्या अंगावरून गेला आणि थांबायचं विसरून मांडवाच्या पलीकडच्या गटारापर्यंत पोचला. हार त्याला तिथंच घातला.

कबुली वगैरे गोष्ट देवूच्या डोक्यात तेव्हा नव्हती. ती घातली पाड्यावरच्या सुका भगतानं.

वाघोबाचे नवस फेडायचे ते वाघबारशीला, दिवाळीच्या दोन दिवस आधी. सगळा पाडा शिळेपाशी जमतो, तांदूळ आणि कोंबडे येतात, तिथंच शिजतं आणि तिथंच खातात. पण कोंबडा नुसता आणून चालत नाही. नवस फेडणाऱ्यानं सगळ्यांसमोर उभं राहून बोलावं लागतं की मी काय मागितलं, मला काय मिळालं आणि मधे दुसऱ्या कोणाचा हात लागला की नाही. हा शेवटचा प्रश्न सुकानं अलीकडे जास्त लावून धरला होता. त्याला कारण होतं. मागं एकाचा बैल हरवला, त्यानं नवस केला, बैल सापडला, कोंबडा वाघोबाला गेला. मग कळलं की बैल मेव्हण्यानं शोधून आणला होता. मेव्हणा तेव्हापासून पाड्यावर येत नव्हता.

देवू नवसाचं सांगायला गेला तेव्हा सुकानं रीतीप्रमाणे विचारलं की मधे कोणाचा हात? देवू नाही म्हणणार होता. मग त्याला तळहातावरची गोळी आठवली आणि तो खोटं बोलायच्या कामात तयार नसल्यामुळे सांगून बसला.

सुकानं विडी पेटवली.

"मंग जिकला कोन?" तो म्हणाला. "देव का गोळी?"

"मी," देवू म्हणाला.

"तू तं हायसच रं. तुज्यामागं कोन व्हता, ता इचारतो."

सुका म्हणाला, वाघबारशीपर्यंत शोधून काढ. दुसऱ्याच्या कामाचा कोंबडा वाघोबा खाणार नाही, आणि खाल्ला तर रात्री गोठ्याशी येऊन हिशेब मागेल.

तेव्हा देवू बोईसरला परत आला आणि बन्सीला पहिला प्रश्न विचारला की ती गोळी कसली होती. इथपर्यंत गोष्ट सरळ होती. इथून पुढं ती बिघडली.

बन्सी म्हणाला, सर्दीची. नंतर म्हणाला, बहुतेक सर्दीची. झालं होतं असं की चांगल्या गोळ्या मोजून जायच्या, त्यांतली एक कमी आली तरी बोंब. पण कडा उडालेल्या, तुटक्या गोळ्या पाळी संपताना सगळ्या मशिनींवरून एकाच निळ्या पिंपात पडायच्या. कामगार घ्यायचे ते त्या पिंपातून. त्या दिवसांत खात्यात तीन तऱ्हेच्या गोळ्या चालू होत्या आणि तिन्ही पांढऱ्या. सर्दीची खाल्ली की झोप उडून छाती उडायला लागते. दुसरी जंताची. तिसरी कंपनीच्या नव्या टॉनिकची. तिच्यानं काय होतं, असं देवूनं विचारलं. बन्सीनं ती महिनाभर खाऊन पाहिली होती. काहीच होत नाही, असं तो मनापासून म्हणाला.

"पन मग तू वळखली कशी?"

"सर्दीच्या गोळीला मधी रेघ असती."

"माज्या गोळीला व्हती?"

"तुझी अर्धी फुटकी होती लेका. रेघ असली तर ती फुटलेल्या बाजूला गेली असंल."

म्हणजे देवूनं गुन्हा केला होता का, जंताचं औषध घेतलं होतं का, की काहीच न होणारी गोळी खाल्ली होती, हे जगात कोणालाच सांगता येणार नव्हतं. छातीतला ढोल? बन्सीचं म्हणणं, शर्यतीत ढोल नुसत्या भीतीनंही वाजतो.

दोन दिवसांनी बोईसरच्या बाजारात विश्राम भेटला. त्याची आई तिथं सुके बोंबील घेऊन बसायची. देवू कबुली देणार अशी बातमी बोंबलांच्या वासासारखी तिथं आधीच पोचली होती. विश्रामनं त्याला बाजूला घेतलं. देवूला वाटलं, दुसरा आलेला माणूस खूश होईल. पण विश्राम हात जोडायच्या बेतात होता.

"तू बोललास तर मला पयला करतील," तो म्हणाला. "मंग मलाही इचारतील. मी दोन खाल्लेल्या. आमच्या कारखान्याच्या कंपाउंडरनं दिल्या, कागदात बांधून, अस्सल."

देवूनं त्याला धीर दिला की खरं सांगितल्यावर लोक माफ करतात.

"गोळ्यांचं माफ करतील रे. पन दोन खाऊन दुसरा आलो, ह्याला मुरब्यात माफी नाय."

त्याच्याकडून देवूला हेही समजलं की तिसऱ्यानं इंजेक्शन घेतलं होतं, चौथ्यानं काय घेतलं होतं ते चौथ्यालाही ठाऊक नव्हतं, आणि काहीही न घेतलेला असा एकच गडी होता. तो केळव्याला शहाळं पिऊन समुद्र बघत बसला आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आला. सगळ्यांनी कबुल्या दिल्या तर हार त्याच्या गळ्यात पडणार होता.

शेवटी देवू चुरीसाहेबांकडे गेला. नोकरी जाणार याची तयारी ठेवूनच गेला, जाताना खोलीवरचं गाठोडंही बांधून ठेवलं. साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून त्यानं सांगितलं की शर्यतीच्या दिवशी आपल्या कारखान्यातली गोळी खाल्ली होती. बन्सीचं नाव त्यानं घेतलं नाही, जमिनीवर पडलेली उचलली म्हणाला. खऱ्या कबुलीत एवढं खोटं चालत असावं, असा त्याचा अंदाज.

चुरीसाहेब उठले. दार लावलं. देवूला वाटलं, आता. साहेबांनी खुर्ची दिली आणि चहा सांगितला.

"आपल्या कारखान्यातली?" त्यांनी विचारलं. "नक्की आपलीच?"

देवू हो म्हणाला. साहेबांचा चेहरा उजळत गेला. कंपनी दिवाळीला टॉनिकची गोळी बाजारात आणणार होती, मुंबईचे मोठे साहेब जाहिरातीसाठी रोज फोन करत होते, आणि इथं डोंगरातला एक तरणा माणूस स्वतःच्या पायांनी येऊन सांगत होता की गोळी खाल्ली आणि शर्यत जिंकली. साहेबांनी तिथल्या तिथं ठरवलं की देवूचा सायकलसकट फोटो, हातात बाटली, आणि खाली त्याचे स्वतःचे शब्द.

देवूनं पिंपाची हकीकत सांगून पाहिली. सर्दीची असेल, जंताची असेल.

"देवू," साहेब फार मायेनं म्हणाले, "तू कबुली द्यायला आलास ना? मग पूर्ण दे. टॉनिकची होती म्हण, तू कायम. जंताची म्हणालास तर आपण भेटलोच नाही."

देवू बाहेर आला तेव्हा त्याला चहा प्यायलो की नाही हेही आठवेना. चोरी सांगायला जावं आणि समोरच्यानं पाट मांडून बसवावं, याला काय म्हणायचं ते त्याच्या पाड्याच्या बोलीत नव्हतं, आणि माझ्या माहितीप्रमाणे बोईसरच्या हिंदीतही नव्हतं.

सुट्टी घेऊन तो पाड्यावर गेला. लाडकी भात झोडत होती. तिनं काम न थांबवता सगळं ऐकलं.

"टॉनिक म्हन," ती म्हणाली.

"पन ती टॉनिकची व्हती का नाय ठाव नाय."

"पाय कोनाचं व्हतं?"

"माजं."

"मंग? गोळीला काय पाय असतात?"

"पन गोळी खाल्ली नसती तर पयला आलो असतो का?"

"मला काय ठाव. मी काय सायकल हाय?" तिनं पेंढी दगडावर आपटली. "भट्टीवर चिखलात माजं पाय सडलं का मी लोकांना काय सांगू? माज्या नवऱ्यानं खरा सांगितला, असा सांगू?"

तिचंही खरं होतं. अडचण हीच होती की सगळ्यांचंच खरं होतं. सुकाला देवाचं नाव हवं होतं, साहेबांना टॉनिकचं, विश्रामला कोणाचंच नको होतं, आणि लाडकीला जे बोलल्यानं दिवाळीनंतर येणारा भट्टीचा ट्रक रिकामा जाईल ते हवं होतं. देवूला काय हवं होतं ते कोणी विचारलं नव्हतं. त्यालाही ते अजून सापडलं नव्हतं.

वाघबारस आली. शिळेवरच्या वाघाला शेंदूर लागला, चुली मांडल्या, पाडा जमला. देवू काखेत कोंबडा धरून उभा होता. सुका पुढे होणार तोच खालून जीपचा आवाज आला. चुरीसाहेब स्वतः आले होते, बरोबर पालघरचा फोटोवाला आणि टॉनिकची नवी बाटली. नवस म्हणजे काय हे त्यांनी चौकशी करून समजून घेतलं होतं, आणि एवढ्या लोकांसमोर माणूस खोटं बोलत नाही हे जाहिरातीच्या दृष्टीनं उत्तम, असं त्यांचं मत पडलं होतं. पाड्यानं त्यांना बसायला खाट दिली.

सुकानं विचारलं, काय मागितलं?

"पयला येवाचा."

काय मिळालं?

"पयला आलो."

मधे कोणाचा हात लागला?

फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. लाडकी चुलीपाशी उभी होती, तिच्या हातातला पळा थांबला. देवूनं कोंबडा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला.

"गोळी खाल्ली," तो म्हणाला. "ता खरा हाय. कंची, ता ठाव नाय. तिनं काय केला, ता पन ठाव नाय. देवानं काय केला, ता ठाव नाय. मी काय केला, ता मला ठाव असाया पायजे व्हता, पन ता पन नाय."

एवढं लांब तो पूर्वी कधी बोलला नव्हता. कबुली ऐकली की रागवायचं असतं एवढं कोणाकोणाला माहीत होतं, पण कशावर रागवायचं ते या कबुलीत नव्हतं.

सुकानं कौल घ्यायला सुपात तांदळाचे दाणे टाकून पाहिले. जोड्या लावल्या, मोडल्या, परत टाकले. बराच वेळ तो सुपावर वाकून होता. मग म्हणाला की देव म्हणतो, ह्या बाबतीत मला विचारू नका. कोंबडा घेऊ नये आणि परतही नेऊ नये. देवूनं कोंबडा खाली सोडला. तो थोडा वेळ दोघांच्या मधे उभा राहिला आणि मग झाडीत गेला.

चुरीसाहेब खाटेवरून उठून देवूपाशी आले. रागावलेले नव्हते. समजावणीच्या सुरात म्हणाले, ठाऊक नाही याचा अर्थ टॉनिकची असू शकते, हो ना?

"असंल."

"मग तेवढंच म्हण."

"जंताची पन असंल."

साहेबांनी फोटोवाल्याकडे पाहिलं. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. पंगतीला साहेब आग्रहानं जेवले, रस्सा दोनदा घेतला, आणि जीपमध्ये बसताना देवूच्या खांद्यावर हात ठेवून खरोखरच्या दुःखानं म्हणाले की 'असेल' या शब्दाची जाहिरात करता येत नाही. ब्रेक सोमवारपासून लागला.

लाडकी त्या दिवशी देवूशी बोलली नाही. दिवाळीनंतर ट्रक आला तेव्हा ती आधी वर चढली, गाठोडी लावली, आणि मग वाकून देवूला हात दिला. भट्टीवर तिनं कोणाला काही सांगितलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची की माझा नवरा पहिला आला होता, आणि पुढच्या विटेचा साचा भरायला घ्यायची. देवू विटा वाहताना मधेच थांबून आपल्या पायांकडे बघायचा. मुकादमाला वाटायचं, काटा लागला.

पावसाळ्याआधी दोघं परत आली, भात लावलं. इकडे शर्यतीच्या समितीनं गोळ्यांबद्दल नियम करायला घेतला होता. जुन्या नियमांत ट्रकला धरू नये, वाड्यांतून आडवाट घेऊ नये, मधे माणूस बदलू नये, इतकंच होतं. खाण्यापिण्याबद्दल काही नव्हतं. आता गोळी बंद म्हटलं तर गूळ चालेल का, गूळ चालला तर चहा का नको, आणि चहा बंद झाला तर समितीच्या बैठका कशा होणार, इथवर चर्चा गेली. गेल्या वर्षीच्या गड्यांना आधी बोलावून विचारावं, असं एकानं सुचवलं. ज्यांना विचारायचं ते सगळे त्या दिवशी आजारी पडले. शहाळंवाला मात्र आला, पण त्याला काय विचारायचं हे कोणाला सुचलं नाही. होता होता सप्टेंबर संपला आणि शर्यत त्या वर्षापुरती तहकूब झाली. तेव्हापासून ती तहकूबच आहे.

देवूला हे कळलं. दोन ऑक्टोबरला पहाटे त्यानं गवत वाहायची आपली जुनी जड सायकल काढली. लाडकीनं विचारलं की गोळी घेतलीस का. नाही म्हणाला. देवाला काही बोललास का. तेही नाही. मग कशाच्या जिवावर जातोस, असं ती म्हणाली.

"ताच बगाचा हाय," देवू म्हणाला.

लाडकीही मनोरवरून एसटी धरून बोईसरला आली. मैदानात मांडव नव्हता. मागच्या वर्षीचे खांबांचे खड्डे होते, त्यांत पाणी साचलं होतं आणि शेळ्या चरत होत्या. ती एका दगडावर बसून राहिली. देवू एकटाच केळव्याला जाऊन आला. फिती बांधायला या वर्षी कोणी नव्हतं, म्हणून तो सुरूच्या झाडाला हात लावून वळला. या वेळी त्याला माहीम दिसलं, पालघर दिसलं, उमरोळीला पाय भरून आले तेही समजलं. चढाला तो उतरला नाही.

मैदानात पोचला तेव्हा त्याला धड उभं राहता येत नव्हतं. सायकल तशीच आडवी टाकून तो लाडकीपाशी जमिनीवर बसला.

"कितवा आलो?" त्यानं विचारलं.

लाडकी उठून उभी राहिली. डोळ्यांवर हात धरून तिनं रस्त्याकडे पाहिलं.

"पयला."

"मागं कोन हाय?"

ती बराच वेळ बघत राहिली.

"अजून कोनी दिसत नाय," ती म्हणाली.